बद्द

मे महिन्यात, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये,
बाहेर पंचेचाळीस डिग्री,
पुण्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा.
श्वास आत येतोय, बघा.
श्वास बाहेर जातोय, बघा.
आम्ही कॅरेज-वॅगनचे बावीस जण,
नाईट करून आलेले.
कूलरमधल्या वाळ्याचा वास आत आला
तेवढा बघितला,
मग घोरलो.
मॅडम चांगल्या होत्या. कुणाला उठवलं नाही त्यांनी.

मला हे नबाब तडवीनं शिकवलं होतं,
भुसावळच्या यार्डात, नोकरीच्या दुसऱ्या रात्री,
श्वासाचं नावही न काढता.
लांब दांड्याची हातोडी हातात दिली.
म्हणाला, "मारायची नाही. इचारायचं."

चाकाला विचारायचं, बरं आहे का?
बरं असलेलं चाक म्हणतं, ठण्ण,
आणि आपण पुढच्या चाकापाशी गेलो तरी
म्हणतच राहतं.
तडा गेलेलं म्हणतं, बद्द.
पाझरत्या माठासारखं. आणि लगेच गप्प.
"आवाज तं कोनीबी आयकते," तडवी म्हणाला,
"तू ते गप्प होनं आयक."

एकोणसाठ वाघिणींची मालगाडी.
एका बाजूला दोनशे छत्तीस चाकं.
चाळीसाव्या चाकापर्यंत माणूस चाकापाशी असतो.
मग सोसायटीचा हप्ता, मग मेहुण्याचं बोलणं,
बाजूच्या रुळावर सावद्याची केळी उभी असली
तर लहानपणीची एक दुपारसुद्धा.
हात चालू, कान बंद.
अंधारातून तडवीची बॅटरी थेट तोंडावर:
"कुठी गेला होता? ये, परत ये.
मांगच्या चार चाकांपासून."
रागावायचा नाही.
एका गाडीत अकरा वेळा गेलो होतो मी,
अकरा वेळा तेच, तेवढ्याच आवाजात.
परत ये.

सत्तावीस वर्षं परत येतोय.
फक्त यार्डात.

घरी कुमुद ताटात कळण्याची भाकरी घालते,
नळाचं सांगते, गुडघ्याचं सांगते,
मी हं म्हणतो.
एकदा तिनं त्याच सुरात सांगितलं,
"मंग पालचा वाघ आला, ओट्यावर बसला, च्या पेला."
मी म्हणालो, हं.
तिनं ठेचा वाढला.
"ध्यान शिकायले गेले होते न?
मंग ध्यान कुठी आहे?"
आणि तीन दिवस काही सांगितलंच नाही.
मला ते चौथ्या दिवशी कळलं.

परवा रात्री हर्षदाचा फोन. नाशिकहून, हॉस्टेलवरून.
टीव्हीवर मॅच. माझं बोट रिमोटवर.
जेवलीस का? हो.
परीक्षा? चालूये.
पैसे पाहिजेत का? नको.
काय झालं?
"काही नाही, पप्पा."

बद्द.

मी टीव्ही बंद केला.
मागच्या दारी गेलो, धुण्याच्या दगडावर बसलो.
दगड दिवसभराचा तापलेला, अजून गरम.
पुन्हा विचारलं नाही.
तडा कळल्यावर चाकावर पुन्हा हातोडी मारत नाहीत,
खडूनं खूण करतात, डबा सिक लाइनला घेतात,
आणि वाट बघतात.
मला खूण कुठं करायची ते कळेना.
फोन कानाला लावून ठेवला, इतकंच.

मधे दोनदा मी गेलो.
एकदा फीच्या आकड्यात,
एकदा कुण्या मुलाचा चेहरा जुळवत, जो असेल नसेल.
परत आलो. मागच्या चार चाकांपासून.

तिकडे पंखा घरघरत होता.
त्याच्या मागे तिचा श्वास.
आत आला. अडला.
मग बाहेर.

तापीच्या पुलाकडून एक लांब शिट्टी आली.
कुमुद दारात येऊन उभी राहिली, हातानंच विचारलं, कोण?
मी हात वर केला,
यार्डात करतो तसा, सरळ, पंजा उघडा:
थांबा.
गाडी सोडू नका अजून.